पाच दिवस आणि आठ वर्षं

परभणीहून परळीच्या बाजूला निघालेली गाडी गंगाखेडच्या अलीकडे गोदावरी ओलांडते. सप्टेंबरच्या मध्यावर नदी तशीही गढूळ आणि तुडुंब असते. २०२५ च्या पावसाळ्यात सोयाबीनच्या सऱ्यांत पाणी साचलं होतं आणि कापसाची पानं लाल पडायला लागली होती. गाडीतली माणसं एकरी किती हाती लागेल याचाच हिशोब करत होती. मी राणीसावरगावला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. शहरांतलं सरकारी झेंडावंदन आणि मंत्र्यांची भाषणं मी पुष्कळदा ऐकली आहेत. बालाघाटच्या डोंगरात वसलेल्या एखाद्या गावात ही तारीख कशी साजरी होते आणि लोकांच्या मनात ती कुठे असते, हे मला पाहायचं होतं.

निघायला आणखी एक कारण होतं. आदल्याच आठवड्यात नेपाळ पेटलं होतं. ८ सप्टेंबरला काठमांडूत तरुण रस्त्यावर उतरले, पहिल्याच दिवशी गोळीबारात १९ जण गेले, ९ तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला आणि सिंहदरबार जळताना जगानं पाहिला. १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. त्याआधीच्या वर्षी ऑगस्टमध्ये ढाक्यात असंच झालं होतं आणि डिसेंबरात दमास्कसमध्ये. सत्ता कोसळल्याची चित्रं पाहताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, पुढे काय? आपल्याकडे हा प्रश्न सतराव्या शतकातला नाही. माझ्या आजोबांच्या पिढीनं तो अंगावर झेललेला आहे.

मुक्काम गंगाखेडला केला. सकाळी जनाबाईच्या दर्शनाला गेलो तर वारकऱ्यांची गर्दी होती, कारण त्या दिवशी एकादशी होती. पितृपंधरवड्यातली एकादशी. गेलेल्यांची आठवण काढायच्या पंधरवड्यात यंदा मुक्तिदिन आला होता, आणि ते मला योग्य वाटलं. देवळातून निघून स्टँडजवळ काळीपिवळी धरली.

गंगाखेड सोडून दक्षिणेला निघालं की काळी सपाट रानं मागे पडतात. माती मुरमाड होते, रस्ता चढायला लागतो, दोन्ही बाजूंना पळस, बाभळी आणि मध्येच बंजारा तांडे. जीपमध्ये माझ्या शेजारी गावाकडे निघालेले एक गृहस्थ होते. मुलगा पुण्यात कंपनीत, सून तिकडेच. मोबाइलवर नेपाळचा व्हिडिओ पाहत ते म्हणाले, “पाह्यलं का सर, दोन दिवसांत सरकार खाली. आसं पायजे.”

मागच्या सीटवरून एक बाई लगेच बोलल्या, “खाली आलं, पण आता तिथं भाकरी कोण घालतंय लेकरांला?”

जीपमध्ये कुणी उत्तर दिलं नाही.

राणीसावरगावात पोचलो तेव्हा शाळेची प्रभातफेरी संपत आली होती. गाव तसं मोठं आहे, आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांचा बाजार इथेच. रेणुकादेवीच्या देवळामुळे नाव दूरवर पोचलेलं. घटस्थापना आठवड्यावर आली होती, त्यामुळे रंगरंगोटी, मांडव, दुकानांच्या जागा यांचीच चर्चा जास्त. पण शाळेच्या मैदानावर पोरं रांगेत उभी होती. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं आणि आठवीतल्या एका मुलीनं भाषण केलं. निजाम, रझाकार, स्वामी रामानंद तीर्थ, सरदार पटेल, पाच दिवसांची पोलीस कारवाई, १७ सप्टेंबर १९४८, आपण मुक्त झालो. पाठ चोख होता, आवाज खणखणीत होता. मी मनापासून टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रमानंतर इतिहास शिकवणाऱ्या सरांशी बोलत बसलो. मी त्यांना म्हणालो, हे भाषण १३ सप्टेंबरला सुरू होतं आणि १७ ला संपतं. सर म्हणाले, “पाठ्यपुस्तकात जेवढं आहे तेवढंच पोरं सांगणार. आधीचं चार ओळींत, नंतरचं तर नाहीच.”

आधीचं चार ओळींत मावणारं नाही. हैदराबाद हे लोकसंख्येनं देशातलं सर्वांत मोठं संस्थान होतं. सुमारे ८२,००० चौरस मैल, दीड कोटीहून जास्त लोक, १६ जिल्हे आणि त्यांतले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी. निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले. कारभाराची भाषा उर्दू, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. लोकांनी निवडलेलं, सरकारला जाब विचारू शकेल असं सभागृह नाही. सभा घ्यायची तर आधी परवानगी, असा ‘गश्ती निशाण ५३’ नावाचा हुकूम. जहागिरीच्या गावांत तर राजापेक्षा जहागीरदाराचीच दहशत जास्त.

अशा राज्यात माणसं आधी शाळा काढून बसली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी, औरंगाबादचं सरस्वती भुवन. व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण हिप्परग्यात शिकवायला आला आणि पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातच. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस जन्मण्याआधीच तिच्यावर बंदी आली, सत्याग्रह झाला आणि वंदे मातरम् म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना वसतिगृहं, कॉलेजं सोडावी लागली.

जून १९४७ मध्ये निजामानं स्वतंत्र राहण्याचा मनसुबा जाहीर केला. १५ ऑगस्टला देश जल्लोष करत असताना हैदराबादेत तिरंगा फडकवणारे स्वामीजी तुरुंगात गेले. मग लढा गावोगाव पसरला. शिंदीची झाडं तुटली, करोडगिरीची नाकी उद्ध्वस्त झाली, लेव्हीचं धान्य द्यायला शेतकऱ्यांनी नकार दिला. सरहद्दीपलीकडे उमरखेड, वाशीम, बार्शी, मनमाड अशा ठिकाणी सशस्त्र कॅम्प उभे राहिले. ३० जानेवारी १९४८ ला उमरखेड कॅम्पच्या लोकांनी उमरीची बँक लुटली आणि त्या पैशाचा हिशोब ठेवला. वसमतकडच्या वापटीचे बहिर्जी शिंदे याच लढ्यात हुतात्मा झाले. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हातात बंदूक घेऊन उभ्या राहिल्या. हैदराबादेत ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांनी भारतात सामील व्हा असं उर्दूतून लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. एका राजाविरुद्ध उठलेल्या लोकांत सगळ्या जातीधर्मांची माणसं होती.

सरांनी मला गावातल्या एका आजोबांकडे नेलं. १९४८ मध्ये ते नऊ वर्षांचे होते. अंगणात बाजेवर बसून, एकादशीची भगर पुढ्यात घेऊन ते सांगत होते, “रझाकार येणार अशी हूल उठली की माय आम्हाला घेऊन जवारीत शिरायची. उभ्या जवारीत माणूस दिसत न्हाई. धाकटं लेकरू रडायलं की त्याच्या तोंडावर हात. रातभर तसंच. सकाळी बाप यायचा, मग घरी.”

“आणि पोलीस ॲक्शन झालं तेव्हा?”

“तवा मोठ्या माणसांनी गूळ वाटला. मंग एक-दोन दिसांनी बापानं पुन्हा आम्हाला घरातच ठिवलं. म्हनला, आता भाईर निगू नका, आता लोकं सुटलेत.”

लोकं सुटलेत. हे दोन शब्द मी वहीत लिहून घेतले आणि दिवसभर त्यांच्याचभोवती फिरत राहिलो.

१३ सप्टेंबरला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांची मुख्य फौज सोलापूरकडून आत शिरली, १५ तारखेला औरंगाबाद ताब्यात आलं, १७ च्या संध्याकाळी निजामानं रेडिओवरून माघार जाहीर केली आणि १८ ला जनरल एल एदरूस शरण आले. दोनशे वर्षांहून जुनी सत्ता पाच दिवसांत गेली. पण गावात जी सत्ता असते, म्हणजे पोलीस, तहसीलदार, चावडी, ती या पाच दिवसांत नुसती पळून गेली होती. नवी अजून आली नव्हती. त्या मोकळ्या दिवसांत, निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा पुढारी कासिम रझवी याच्या माणसांनी केलेल्या अत्याचारांचा सूड रझाकारांवर उगवला गेलाच, पण ज्यांनी कधी काठीही हातात धरली नव्हती अशा मुसलमान शेजाऱ्यांवरही तो उगवला गेला.

पंडित नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीला पाठवलं. त्यांनी १९४८ च्या अखेरीस जिल्हे पालथे घातले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळले, असं त्यांनी लिहिलं. मृतांचा त्यांचा अंदाज २७,००० ते ४०,००० इतका होता. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना जिवाच्या करारावर वाचवल्याच्या नोंदीही त्यांनी केल्या. सरदार पटेलांना तो अहवाल मान्य नव्हता आणि अनेक दशकं तो लोकांसमोर आलाच नाही.

दुपारी बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेत होतो. समोरच्या बाकावर उदगीरकडचे एक वयस्क मुस्लिम गृहस्थ बसले होते, मुलीच्या सासरी आले होते. मी कशासाठी आलोय हे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझे आजोबा कपडे शिवायचे. रझाकारांना वर्गणी द्यायला नाही म्हणाले म्हणून त्यांची शिवीगाळ खाल्ली. पोलीस ॲक्शननंतर मुसलमान म्हणून मारले गेले. साहेब, लिहिणार असाल तर दोन्ही लिहा. एकच लिहू नका.”

मी दोन्ही लिहितो आहे. मुक्तिसंग्राम न्याय्य होता याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. निजामाची सत्ता जायलाच हवी होती. म्हणूनच त्या सत्तेच्या अंताला जे निरपराध गेले, त्यांची नावं आपल्या झेंडावंदनात यायला हवीत. वसमतजवळच्या कुरुंद्याचे, म्हणजे याच जुन्या परभणी जिल्ह्याचे नरहर कुरुंदकर हैदराबादच्या लढ्यावर लिहिताना गौरव आणि चिकित्सा दोन्ही बरोबर घेऊन चालत. तो धडा आपण त्यांच्याकडून घेतलेला नाही.

आणि मग आठ वर्षं. सरांचं म्हणणं होतं, ही तर कुणालाच माहीत नाहीत. निजाम हरला, पण गेला नाही. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले आणि फर्मानं निजामाच्याच नावानं निघत राहिली. २६ जानेवारी १९५० ला तो राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला, वर्षाला पन्नास लाखांचा तनखा घेऊन. ज्याच्याविरुद्ध लढले त्याच्याच अध्यक्षतेखाली नवं राज्य, हे स्वातंत्र्यसैनिकांना किती बोचलं असेल! मुख्यमंत्री म्हणून एम. के. वेल्लोडी हे सनदी अधिकारी आले. बाहेरच्या प्रांतांतून कारकून आणि अंमलदार भरले गेले. तेलंगणात १९४६ पासून पेटलेला शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा सैन्य आल्यावरही थांबला नाही, तो कम्युनिस्टांनी १९५१ मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी विनोबांना पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं.

लढणाऱ्यांतही फूट पडली. स्टेट काँग्रेसमध्ये स्वामीजींचा एक गट आणि बी. रामकृष्णराव, दिगंबरराव बिंदू यांचा दुसरा. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे डाव्या विचारांचे कार्यकर्ते काँग्रेसमधून बाहेर पडले. १९५२ मध्ये १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला ९३ जागा मिळाल्या आणि बी. रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. लढ्याचं नेतृत्व करणारे स्वामीजी मुख्यमंत्री कधीच झाले नाहीत, ते गुलबर्ग्याहून लोकसभेत गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद शहरात मुलकी आंदोलन पेटलं, बाहेरच्या माणसांना नोकऱ्या नकोत म्हणून, आणि विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या. मुक्तीच्या चारच वर्षांनी, आपल्याच निवडलेल्या सरकारच्या पोलिसांनी त्या झाडल्या.

शेतकऱ्याच्या घरात ही अनिश्चितता जमिनीच्या कागदातून आली. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. मराठवाड्यात आजही जमिनीचा वाद निघाला की लोक १९५४ चं खासरा पत्रक शोधतात. हाली सिक्का चलनातून जायला १९५९ उजाडलं. आणि सर्वांत मोठा प्रश्न, आपण कुठल्या राज्यात जायचं? राज्य पुनर्रचना आयोग, नागपूर करार, चर्चा, परिषदा. अखेर १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य तीन भाषांत वाटलं गेलं आणि मराठवाडा कुठलीही अट न घालता द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

ही वाटणी अजून संपलेली नाही, हे मला तांड्यावरच्या एका पदवीधर बंजारा तरुणानं दाखवून दिलं. देवळाच्या पायऱ्यांवर तो भेटला. मांडवाच्या कामाला आला होता. २ सप्टेंबर २०२५ ला राज्य सरकारनं मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी निजामाच्या काळातलं हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा निर्णय काढला होता आणि त्याची चर्चा गावात चौकाचौकात चालू होती. तरुण म्हणाला, “सर, त्यांच्यासाठी गॅझेट चालतं, मग आमच्यासाठी का नाही? माझी मावशी तेलंगणात दिली. तिकडं ते अनुसूचित जमातीत आहेत. कर्नाटकात आमचेच लोक अनुसूचित जातीत. इथं आम्ही विमुक्त जातीत. एकाच निजामाच्या राज्यातली माणसं आम्ही.”

त्याचं म्हणणं खरं होतं. एका राज्याचे तीन तुकडे झाले आणि एक समाज तीन याद्यांत वाटला गेला. सत्तर वर्षांनी त्या वाटणीचं उत्तर मागायला तो निजामाच्याच कागदाकडे वळतो आहे. राजा गेला की त्याच्या राज्यानं घातलेली घडी आपोआप उलगडत नाही. ती प्रत्येक पिढीला हातानं उलगडावी लागते. १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन, १९७८ मधला विद्यापीठ नामांतराचा ठराव आणि त्यानंतर दलित वस्त्यांवर झालेले हल्ले, १९९४ चा नामविस्तार आणि त्याच वर्षी आलेलं वैधानिक विकास मंडळ, ज्याची मुदत २०२० मध्ये संपली. हे सगळं त्या आठ वर्षांचंच पुढचं पान आहे.

तरीही मी निराश होऊन परतलो नाही. संध्याकाळी पुन्हा काळीपिवळीत बसलो तेव्हा मनात इजिप्त होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये मुबारक गेले, २०१२ मध्ये निवडणुकीनं मोर्सी आले आणि जुलै २०१३ मध्ये लष्करानं त्यांना हटवलं. ट्युनिशियानं २०१४ मध्ये चांगली राज्यघटना केली आणि २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी संसद गोठवली. आपल्याकडे लष्करी गव्हर्नर आला आणि गेला. निवडणूक झाली, हरलेल्यांनी निकाल मानला. भाषेवरून राज्य फुटलं, पण ते कायदेमंडळात आणि आयोगासमोर. असं का झालं? मला दोन कारणं दिसतात. एक, लढा सुरू होण्याआधी वीस-पंचवीस वर्षं या माणसांनी शाळा, वाचनालयं, परिषदा उभ्या केल्या होत्या, त्यामुळे रस्त्यावरच्या गर्दीला बैठकीत बसून भांडायची सवय होती. दोन, राजा पडला तेव्हा दिल्लीत एक राज्यघटना लिहिली जात होती, तिच्यात प्रौढ मताधिकार होता आणि रझाकारापासून सत्याग्रह्यापर्यंत सगळ्यांना तीच लागू होणार होती.

आणि आपल्याकडे काय नव्हतं, तेही स्पष्ट आहे. १७ आणि १८ सप्टेंबरनंतरच्या त्या आठवड्यांत गावातल्या दुबळ्याच्या दाराशी उभं राहणारं कुणी नव्हतं. जिथे उभं राहिलं तिथे माणसं वाचली. काठमांडूच्या, ढाक्याच्या तरुणांना मराठवाड्यातून काही सांगायचं असेल, तर मी हेच सांगेन. सत्ता पाडण्याची तयारी कराल तेवढीच ती पडल्यानंतरच्या पहिल्या महिन्याची करा. चौकीत कोण बसेल, धान्य कोण वाटेल, अल्पसंख्याकांच्या वस्तीत रात्री कोण जागेल, हे आधी ठरवा.

निरोप घेताना सरांनी एक बेत सांगितला. ज्यांना १९४८ आठवतं अशी पंचक्रोशीतली जेवढी माणसं हयात आहेत, त्यांच्याकडे पोरांना पाठवायचं आणि ऐकलेलं वहीत लिहून घ्यायचं. जवारीत लपलेल्या मायचं, कॅम्पात गेलेल्या चुलत्याचं, आणि परत न आलेल्या शिंप्याचंही. पुढच्या १७ सप्टेंबरला भाषणाऐवजी पोरं ते वाचून दाखवतील. मी त्यांना म्हणालो, हे प्रत्येक शाळेनं करावं, आणि लगेच करावं, कारण तेव्हा नऊ वर्षांचं असलेलं माणूस आज सत्त्याऐंशीकडे चाललं आहे. मुक्तिदिनाचं भाषण १८ सप्टेंबरच्या पुढे गेलं, तरच तो दिवस पुऱ्या मराठवाड्याचा होईल.